खाली बसून वर पाहणारी मान

"सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडावर धरली. म्हणजे मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि हाताकडे जाणारी नस दबते. माझी डावीकडची दबली होती. "बास गिटार सध्या बंद. बोटांत ताकद परत आली तर बघू." पुढचं मी काही ऐकलंच नाही.

मी ब्रह्मपुरीकडचा. झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत बास वाजवतो. तारा दाबणारा डावा हात गेला की बासवाला संपला.

दिवाळीनंतर आमचा सिझन सुरू होतो. धान निघालेल्या शेतात मंडप उभा राहतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. आम्ही वाद्यवाले स्टेजच्या पुढ्यात खाली बसतो. उभं राहिलं की मागचे ओरडतात, त्यांना दिसत नाही. नट कधी गाण्यात शिरेल ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं, म्हणून मान वर. माझी जागा उजव्या टोकाला, म्हणून मान वर आणि डावीकडे. खांद्यावर चार किलोचं लाकूड. आमच्याकडे सगळेच असे बसतात, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधी खांदा भरून यायचा. मग परतीच्या गाडीत दंडातून मुंग्या उतरायला लागल्या. पुढे मधलं बोट बधिर झालं, तार नीट दाबली गेली का ते आवाजावरून कळायचं. ऑर्गनवाले मुखरूभाऊ हसायचे. "ढोलकीवाल्याले पाह्य, किती झोडून राह्यला. तू तं चार तारा खाजवून राह्यला. तुले काऊन दुखते?"

सगळ्यांच्या सांगण्यावरून नस उतरवणाऱ्याकडे गेलो. त्याने मान धरून झटका दिला, कडकन आवाज आला, बघणारे खूश झाले. दुसऱ्या दिवशी डाव्या हातात पाण्याचा गडवा धरवेना. हात जोडून सांगतो, हाताला मुंग्या येत असतील तर मानेला कोणालाही झटका देऊ देऊ नका.

मग चंद्रपूर गाठलं. तिथे एमआरआयसोबत एनसीव्ही म्हणून एक तपासणी झाली. विजेचे बारीक झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहतात. बाहेरच्या बाकावर घुग्घुसचा एक ट्रकवाला गळ्याला पट्टा लावून बसला होता. मी गिटारने मान गेल्याचं सांगितलं, तर दुखत असूनही तो हसला. मला त्याचा भयंकर राग आला. त्याचं काम ते काम, आणि आमचं मात्र गाणंबजावणं.

गोळ्यांनी दुखणं कमी झालं, पण बोट तसंच राहिलं. मग डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या ताई म्हणाल्या, "उद्या गिटार घेऊन या. जसे बसता तसे बसून दाखवा."

मी बसलो. नट कुठे असतो, त्यांनी विचारलं. मी वर बोट दाखवलं. त्या सरळ स्टुलावर चढल्या आणि म्हणाल्या, "मी गाते, तुम्ही बघा." मी वर पाहिलं आणि खांद्यापासून बोटापर्यंत करंट गेला. त्या खाली उतरल्या. "वर बघत मान वळवलीत की नसेची वाट अरुंद होते. गिटारचं वजन त्यात भर टाकतं. जागा बदला, नाहीतर मी काहीही केलं तरी परत याल."

त्यांनी मला गिटारला रुंद पट्टा घ्यायला लावला, गिटार पोटावरून वर छातीकडे आणायला लावली. बोटांकडे वाकून बघायचं नाही, खांदे कानाकडे चढले की सोडून द्यायचे, अंक संपला की पट्टा उतरवायचा. हे तुम्ही दुखायच्या आधी करा. मला ते मधलं बोट बधिर झाल्यावर कळलं.

हळूहळू हातात ताकद आली. मधलं बोट अजून थोडं आळशी आहे. नव्या सिझनला मंडळीच्या मालकांना म्हटलं, मला मंचावर कडेला उंच स्टूल द्या, नट समोर दिसेल. ते म्हणाले, "वाद्यवाले खालीच बसतेत. मंच कलाकारायचा आहे." इतकी वर्षं मी तिथे कोण म्हणून बसत होतो, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. डॉक्टरांचा कागद पुढे केल्यावर स्टूल मिळालं, पण बाजूच्या पडद्याआड. प्रेक्षकांना दिसायचं नाही, ही अट.

पहिला प्रयोग मी एकही सूर न चुकवता वाजवला. मानेतून कळ आली नाही. ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

बायको नाटक बघायला आली होती. सकाळी मंडपाबाहेर भेटली, डोळे तांबारलेले. म्हणाली, "रातभर तुमालेच शोधून राह्यली होती. आज तुमाले वाजवू नाई देलं का?"