अक्रोडाचं अस्तर

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी एका कढयांच्या व्यापाऱ्याशी भावावरून भांडत होतो. बर्मिंगहॅममधल्या माझ्या वेअरहाउसमध्ये रोज सकाळी हेच चालतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे गेले. चहा घेता घेता गेले." मी दुसरा फोन उचलला, व्यापाऱ्याला म्हटलं, तुझा भाव मान्य, आणि ठेवून दिला. तीस वर्षांत मी समोरच्याचा पहिला भाव कधी मान्य केला नव्हता... मुकुंद साळवी गेले याला दोन वर्षं झाली. स्मृतिलेखात माणसाबद्दल गोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण माझा त्यांच्यावर राग होता, तो त्यांना माहीत होता, आणि तो वगळून लिहिलं तर ते त्यांच्याबद्दलचं लिहिणं होणार नाही.

मुकुंदराव मूळचे रत्नागिरीचे, हाडाचे फिटर. इथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी उभा जन्म काढला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला 'शेठ' म्हणायचे, आणि त्यात आदर औषधालाही नसे. निवृत्तीनंतर त्यांनी गार्डनमधल्या शेडमध्ये ठासणीची पिस्तुलं बांधायचा छंद धरला. इथे त्याची किट मिळतात. नळी, बार उडवणारं लॉक, चाप आणि अक्रोडाच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता. नळी पोलिसांच्या परवान्यावर घ्यायची, सगळं एकमेकांत बसवायचं आणि नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर तोंडातून दारू ठासून बार काढायचा. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, "शेठ, जन्मभर दुसऱ्यानं केलेलं विकलंस. स्वतःच्या हातानं काय केलंस?" लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या क्लबचा मेंबर झालो. परवाना हातात यायला पुढचा उन्हाळा उजाडला, पण राग काही थंड झाला नाही. खोका चेपलाय म्हणून घासाघीस करून एक किट निम्म्या किमतीत आणलं आणि त्यांच्या बाकावर आपटलं. म्हटलं, क्लबचा हातकामाचा कप या पिस्तुलाला मिळवून दाखवतो. ते खोका उघडून बघत म्हणाले, "निम्म्यात मिळालं? मग निम्मं काम तुझ्याकडे आलं."

शेडमध्ये त्यांचा नियम एकच होता. ते सांगणार, हत्याराला हात लावणार नाहीत. नळी लाकडात बसवायची त्यांची रीत अशी होती. नळीला काजळ लावायचं, वहिनी निरांजनावर ताटली धरून करत ते कोरडं काजळ, त्यात तेलाचा जेमतेम थेंब. नळी खाचेत ठेवून हलके ठोकायची आणि उचलायची. लाकडाला जिथे काळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच पटाशीनं खरवडायचा. परत काजळ, परत नळी, परत खरवड... खाच सगळीकडे सारखी काळी होईपर्यंत हेच. एका संध्याकाळी मला आठ ठिपके दिसायचे, दुसऱ्या संध्याकाळी सहा. मी म्हणायचो, "या वेगानं पुढच्या गणपतीपर्यंत होईल." ते म्हणायचे, "गणपती दर वर्षी येतो."

मग ते आणि वहिनी पंधरा दिवस लेकीकडे कार्डिफला गेले आणि मला राहवेना. दस्ता घरी आणला. काजळ संपलं होतं, म्हणून आई डोळ्यांत घालायला करायची तसं मीच केलं, भरपूर तूप घालून. नळीवर बोटानं थापलं. नळी ठेवली, उचलली, तर अख्खी खाच काळीभोर. मला वाटलं सगळंच उंच आहे. सगळंच खरवडलं. परत थापलं, परत सगळं काळं, परत खरवडलं. तूप पसरत होतं आणि मी लाकूड कापत होतो. तिसऱ्या दिवशी नळी त्या खाचेत खडखडायला लागली.

कार्डिफहून आल्यावर मुकुंदरावांनी दस्ता हातात घेतला, नाकाशी नेला.

"शेठ, हे पिस्तूल आहे की पुरणपोळी?"

"हसा. कसं निस्तरायचं ते सांगा."

"नवा दस्ता घे. तुझ्याकडे काय कमी आहे?"

"नवा घेणार नाही."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि अक्रोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून समोर ठेवला. रेषा जुळवून तो आतून चिकटवायचा, सुकला की पुन्हा काजळ लावून एकेक ठिपका उतरवायचा. दस्त्याला आतून अस्तरच. मला त्याला सात आठवडे लागले. त्यांनी एकदाही हात लावला नाही. शेवटी नळी आत गेली ती 'टक्' आवाज करून, आणि दस्ता उलटा धरला तरी पडेना. कडेला सांधा कुठे आहे ते मलाच सापडत नव्हतं.

क्लबमध्ये हत्यारं तपासायचं आणि कप कुणाला द्यायचा हे ठरवायचं काम ट्रेव्हर नावाचा एक जाडजूड, अबोल माणूस करतो. त्यानं माझं पिस्तूल उचललं, भिंगातून पाहिलं, चाप ओढून पाहिला आणि मान डोलावली. कप माझा होता. तेवढ्यात बाजूला उभे असलेले मुकुंदराव त्याला म्हणाले, "नळी काढून आत बघ. तिथे दुरुस्ती आहे." ट्रेव्हरनं नळी काढली. उजेडात तिरकं धरलं तेव्हा कुठे त्याला अस्तर दिसलं. पिस्तूल त्यानं पास केलं, पण दुरुस्ती आहे म्हणून कप दुसऱ्याला दिला. मी तिथेच मराठीत ओरडलो, "तुम्ही माझी अब्रू काढलीत." ते शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती कुठे आहे ते तपासणाऱ्याला आधी सांगायचं. टूलरूमचा नियम आहे." मी म्हटलं, "ही टूलरूम नाही, आणि काम तुमचं नाही."

तीन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या तीन महिन्यांत एक मजा झाली. ट्रेव्हर आजोबांची जुनी बंदूक घेऊन वेअरहाउसवर आला. लाकूड आतून खाल्लं होतं, नळी हलत होती. म्हणाला, तसलं अस्तर घालशील? मग त्याचा मित्र आला. मग पार लंडनकडच्या ब्रॅकनेलहून एक गृहस्थ गाडी काढून आले. कढया विकणाऱ्या माणसाकडे इंग्रज लोक बंदुकांचं लाकूड घेऊन यायला लागले. कप मिळाला असता तर आत काय आहे ते कुणी पाहिलंच नसतं. हे मला कळत होतं, राग तरी जात नव्हता.

एक दिवस मुकुंदराव वेअरहाउसवर आले. एक कढई उचलली. मी किंमत सांगितली, मुद्दाम चढी. त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले. इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. मी म्हटलं, "मला आधी विचारायला हवं होतं तुम्ही." ते म्हणाले, "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास," आणि कढई काखेत मारून निघून गेले. पुढच्या शनिवारी मी शेडमध्ये होतो. माफी त्यांनी मागितली नाही. विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.

ते गेल्यावर महिन्याभरानं वहिनींनी बोलावलं. त्यांची पुरी झालेली पिस्तुलं आणि एक सुटी नळी नियमाप्रमाणे क्लबच्या तिजोरीत जमा झाली होती. त्या नळीचं लाकूड आणि लॉक मात्र शेडमध्ये, जुन्या पंच्यात गुंडाळलेलं. मी ते सोडलं. नळीची खाच देखणी, आरशासारखी. मग लॉकची खाच पाहिली, लॉक त्यात ठेवलं... आणि ते हललं. मागच्या टोकाला केसभर जास्त कोरलं होतं. मी तीनदा काढून तीनदा ठेवलं. मुकुंद साळवींचा हात चुकला होता.

दारात वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "दोन महिने रोज म्हणायचे, शेठला बोलावतो. मग म्हणायचे, उद्या बघू. काय काम होतं हो तुमच्याकडे?"

मी खाली बसलो आणि पोट धरून हसलो. वहिनींना वाटलं मी रडतोय. थोडं तेही होतं.

वहिनींनी ताटली धरून काजळ करून दिलं. मी पापुद्रा काढला, रेषा जुळवली, एकेक ठिपका उतरवला. परवान्यावर नळी माझ्या नावे करून घेतली आणि पिस्तूल पुरं करून ट्रेव्हरसमोर ठेवलं. त्यानं भिंग उचलायच्या आत मी म्हटलं, "लॉक काढ. मागच्या टोकाला मुकुंदरावांनी जास्त कोरलंय. अस्तर माझं आहे."

ट्रेव्हरनं लॉक काढलं, बराच वेळ पाहिलं. "मुकुंदनं?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मी त्याला मोठ्यानं हसताना पाहिलं. दुरुस्ती या वेळी आधीच सांगितली होती म्हणून कप त्यानं अडवला नाही, पण देताना कार्डावर फक्त बांधणाऱ्याचं, म्हणजे मुकुंदरावांचं, नाव लिहिलं. मी म्हटलं, खाली अस्तर लिही, त्यापुढे माझं नाव लिही. तो म्हणाला, ते दिसतच नाही तर लिहायचं कशाला? मी म्हटलं, लिही. अर्धा तास वाद घातला. त्यानं लिहिलं.

रविवारी ते पिस्तूल तिजोरीतून बाहेर निघालं की कुणीतरी नवा मेंबर कार्ड वाचून विचारतो, अस्तर कुठे आहे? मी स्क्रूड्रायव्हर घेतो, लॉक काढतो आणि मुकुंदरावांची चूक कुठे होती ते बोट ठेवून दाखवतो. इतक्यांदा उघडलंय की दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवरचा काळा रंग उडून आता खालचं पोलाद चमकायला लागलंय.