राजमहेंद्रीचं पेन कोणाचं?

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, राजमहेंद्रीतल्या एका पेन घडवणाऱ्याच्या खोलीत झाला. ज्यांनी केला ते आता नाहीत. पण गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं, हा नियम मी केलेला नाही.

त्यांना तुम्हीही ओळखता. "पुरं नाव सांग," असं म्हणायचे, झाकण लावलेलं पेन हवेत एकदा फिरवायचे आणि मगच झाकण काढून लिहायचे, ते हेच. शिरपूर, मेडशी, जऊळका या टापूत ज्यांच्या घरी लग्न निघालं, त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला आहे. उभा जन्म सायकलवर डाक वाटली, रिटायर झाले आणि पत्रिकांवर नावं घालायला बसले. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो.

पत्रिकेवर नाव घालणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. आपल्याकडे लग्नं मोडत नाहीत तेवढी नाती पाकिटावरच्या नावानं मोडतात. थोरल्याआधी धाकट्याचं नाव आलं, संपलं. काकाजींना सगळं पाठ होतं. कोण गेलं, कोण वेगळं निघालं, कोणाचा चुलता अजून रुसलेला आहे. दोन भावांच्या मध्ये भिंत उठली, की त्या घरची एक पत्रिका वाढायची. तलाठ्याला नंतर कळायचं.

आणि विधवेच्या घरची पत्रिका ते विधवेच्या नावानं लिहायचे. दिराच्या नाही, पाच वर्षांच्या पोराच्या नाही. एकदा मेडशीचा एक वरबाप यावरून तावातावानं आला. शुभकार्याच्या पाकिटावर तिचं नाव कायले, म्हणाला. काकाजींनी मान वर केली नाही.

"सरकारचं पाकीट तिच्या नावानं येते. म्या सोता नेऊन देल्लं. तुह्यं काय सरकारहून मोठं हाय?"

वरबाप गठ्ठा घेऊन गेला. नाव तसंच राहिलं.

आता माझं ऐका. याच विषयावर मी तीन पत्रकं काढली होती. 'विधवा भगिनींना मानाचं स्थान द्या', ठळक टायपात, खाली पाच मागण्या. मेडशीच्या एसटी थांब्यावर स्वतः उभा राहून वाटली. दहा मिनिटांनी त्याच पत्रकावर भजी खाणारा माणूस मी पाहिला, पहिली मागणी तेलानं पारदर्शक झालेली. आणि काकाजींनी लिहिलेलं पाकीट? ते लोक कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवतात, लग्न होऊन नवरीला पोर झालं तरी. मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटतो. मी नववीपासून त्यांच्या ओट्यावर बसत होतो, दौत भरत होतो, सुकलेली पाकिटं लावत होतो. त्यांच्यानंतर ते पेन माझं, हे मी धरून चाललो होतो. कोणी तसं म्हटलं नव्हतं. पण न म्हटलेल्या गोष्टीच माणूस जास्त पक्क्या धरतो.

ते पेन जाड, काळं, हातानं घडवलेलं. राजमहेंद्रीकडून बदलून आलेल्या एका पोस्टमास्तरांनी त्यांना जाताना दिलेलं. ते मोडलं. कोणी मोडलं, ते सांगून टाकतो. मी मोडलं. काकाजी आत जेवत होते, मी त्याच पेनानं नव्या पत्रकाचा मजकूर लिहायला घेतला आणि 'जाहीर निषेध' या शब्दांखाली रेघ ओढताना निब वाकली. 'दाबू नको राजा' हे ते मला नववीपासून सांगत होते. ते बाहेर आले, निब उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "निषेध जोरदार हाय."

वाशीमच्या दुकानदारानं फेकून द्या म्हटलं, अकोल्याच्यानं हसून दाखवलं. पत्रिकांचे दिवस तोंडावर आलेले. काकाजी म्हणाले, ज्यानं केलं त्यालेच दाखवू. कुठं, तर गोदावरीच्या तिकडच्या टोकाला, राजमहेंद्रीला. मला वाटलं, आम्ही दोघं जाणार. जऊळक्याच्या स्टेशनवर पोचलो, तर बाकावर नंदा बसलेली, मांडीवर पिशवी.

नंदा आमच्या मागच्या गल्लीतली. माझ्याच वयाची, एक मुलगी आहे तिला. नवरा तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून ब्लाउज शिवते. काकाजींच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, एका ब्लाउजला तिनं नावाची चिठ्ठी टोचली होती. काकाजींनी ब्लाउज राहू दिलं आणि चिठ्ठीवरचं अक्षर पाहत बसले. दुसऱ्या दिवसापासून अर्धा गठ्ठा आतल्या खोलीत जाऊ लागला. मी ओट्यावर दौत भरत होतो आणि ती आत बसून नावं घालत होती. आत का, तर बाहेर दिसली असती तर लोकांनी गठ्ठे उचलून नेले असते. मला हे माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही, याचं श्रेय मला द्या. मनात रोज सांगत होतो, हेही लिहून घ्या.

प्रवास सरळ झाला नाही. निझामाबादला काकाजींना फलाटावर डाकेच्या थैल्या दिसल्या. ते उतरले, थैल्या लावणाऱ्या माणसाशी बोलत उभे राहिले, त्यांना बोलवायला मी उतरलो, मला बोलवायला नंदा उतरली आणि गाडी निघून गेली. भाकरी गेल्या, कपडे गेले, पेन तेवढं काकाजींच्या खिशात राहिलं. काकाजी म्हणाले, "सामान पोचलं आपल्या पयले." पुढची गाडी संध्याकाळी होती. तोवर त्यांनी त्या माणसाकडून तिथल्या आडनावांची माहिती घेतली. कशाला, विचारू नका.

राजमहेंद्रीच्या, गोदावरीवरच्या लांबच लांब पुलावरून गाडी जायला लागली, तेव्हा ते खिडकीला नाक लावून म्हणाले, "पाय, नांदेडले भेटली होती. कुठंच न उतरता आली हे."

पेनवाल्याचं दुकान बंद. शेजाऱ्यानं हिंदीत सांगितलं, भाचीचं लग्न आहे, आज भेटणार नाही, हॉलवर जा. आम्ही चुरगळल्या कपड्यांत हॉलवर गेलो. आतून सनईसारखं काहीतरी वाजत होतं, जेवणाचा वास येत होता आणि काकाजी फाटकाशी थांबले.

मी म्हटलं, चला. ते म्हणाले, नाव नाही.

जन्मभर दुसऱ्यांना बोलावणाऱ्या माणसाला बोलावल्याशिवाय आत जाता येईना. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की त्यांच्या स्वतःच्या नावाची पत्रिका मी कधी पाहिली नाही. सगळी नावं तेच घालायचे. स्वतःचं नाव घालणं म्हणजे स्वतःला बोलावणं, म्हणून ते घालायचे नाहीत, आणि गठ्ठा घेऊन जाणारा 'काकाजी, तुमी तं घरचेच' म्हणून निघून जायचा. हजारो पाकिटं लिहिलेल्या माणसाकडे एकही पाकीट नाही.

पेनवाला बाहेर आला. पांढरी लुंगी नेसलेला, नखांत काळी भुकटी तशीच, लग्नातही. मी माझ्या हिंदीत सगळं समजावलं. तो हसला, आतून पत्रिका मागवल्या, कोपऱ्याला हळद लावलेल्या, खिशातलं पेन काढलं आणि काकाजींना विचारलं, "पूरा नाम बोलिए."

 दुसऱ्याच्या पणज्याचं नाव झोपेत सांगणारा माणूस स्वतःच्या बापाच्या नावावर अडखळला. मग हळू सांगितलं. त्यानं तेलुगूत लिहिलं. माझं लिहिलं, नंदाचं लिहिलं. काकाजींनी ते गोल गोल अक्षर उलटसुलट करून पाहिलं, एक अक्षर कळलं नाही. पत्रिका बनियनच्या आतल्या खिशात ठेवली आणि मग आत गेले, नेहमीपेक्षा ताठ.

नंदा मांडवाच्या कडेला भिंतीशी उभी राहिली. सवयीनं. एका बाईनं येऊन तिला हाताला धरून ओढत नेलं, बायकांच्यात बसवलं, केसांत गजरा माळला. जेवून बाहेर आल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली, "इथं मले कोनी वयखत नाई. लय बरं वाटलं."

गजरा तिनं परतीच्या गाडीत बसेपर्यंत काढला नाही. काकाजींनी तो पाहिला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, पेनवाल्यानं जुनं पेन बघून मान हलवली. हे माझ्या बापानं केलेलं, म्हणाला, याची सेवा झाली. नवं करून देतो. लेथवर काळी कांडी फिरायला लागली, जळक्या रबरासारखा वास सुटला. पेन उभं राहिलं. आता निब हाताप्रमाणे घासायची, तर ज्याचं पेन त्यानं कागदावर लिहून दाखवायचं, असा त्याचा रिवाज. त्यानं कागद पुढे केला. मी हात पुढे केला, पेन घेतलं, माझं नाव लिहिलं. त्यानं माझं बोट पाहिलं, कागदाची मागची बाजू पाहिली, जिथं नाव उमटलं होतं, आणि काकाजींना म्हणाला, "इनको बॉल पेन दीजिए."

काकाजी हसले. मी ते हसणं अजून माफ केलेलं नाही. मग त्यांनी कागद माझ्यासमोरून उचलला आणि नंदासमोर ठेवला.

"हे पोरगी लिहीन."

ती म्हणाली, पुरं नाव? नवऱ्याकडचं का बापाकडचं?

"तुले पुरं वाटन ते."

तिनं कागदावर फक्त 'नंदा' लिहिलं. पेनवाल्यानं तिचा हात बघून निब घासली, मग तीच अक्षरं, तशीच, टोकदार हत्यारानं पेनाच्या अंगावर कोरली आणि त्यात पांढरा रंग भरला. त्या जागेवर माझं नाव कसं दिसेल, हे मी लेथ फिरायला लागल्यापासून ठरवत होतो.

परतीला मी गाडीच्या दारात बसलो. काकाजी येऊन शेजारी टेकले. मी पत्रकाच्या भाषेत म्हटलं, तुमी भेदभाव केला.

"केला," म्हणाले.

मी म्हटलं, काहून?

"तुह्याजवळ परचे हायेत, संघटना हाय, बोलाले तोंड हाय. तिच्याजवळ एक हात हाय, अन् तो म्या आत लपवून ठुला. माह्यी चूक होती ते. मी गेल्यावर ओट्यावर नंदा बसन."

मी म्हटलं, लोक बसू देणार नाहीत. खरं सांगतो, हे मी तिच्या काळजीनं म्हटलं नव्हतं. मला ते तसंच व्हायला हवं होतं.

काकाजी म्हणाले, "मंग तू काय करशीन?"

मी उठून आत जागेवर जाऊन बसलो. ते होळीनंतर गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास नाही. बनियनच्या खिशात घडी झिजलेली ती तेलुगू पत्रिका होती. काकूंनी ती कॅलेंडरच्या खिळ्याला लावली आहे. शिरपुरात कोणालाच वाचता येत नाही, पण घरी येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर दोन मिनिटं उभा राहतो.

आता दुसरा अन्याय, आणि हा खरा. तो नंदावर झाला. यंदा तुळशीचं लग्न लागल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, माझ्या घरच्या ओट्यावर झाला. नंदा तेव्हा काकाजींच्या ओट्यावर बसली होती, पेन घेऊन, दौत भरून. समोर एकही गठ्ठा नव्हता. तिच्यासमोरून चालत एक माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, "तुमी काकाजीचे शिष्य. तिचा हात कसा चालन? शुभकार्य हाय बावा." मी बॉल पेननं सगळी नावं घातली. यादीत जऊळक्याच्या एका घरापाशी आलो, तिथला माणूस दोन वर्षांपूर्वी गेलेला. मी त्याच्या बायकोचं नाव लिहायला घेतलं. गठ्ठा आणणारा म्हणाला, पोराचं घाला. आणि मी घातलं. मी, तीन पत्रकं काढलेला. एवढंच नाही, त्या दिवशी मला बरं वाटलं. तिच्यापेक्षा माझ्याकडे लोक आले म्हणून बरं वाटलं. त्यानंतर आणखी आले.

नंदा रोज सकाळी ओट्यावर बसते. दुपारी पेन धुऊन ठेवते आणि ब्लाउज शिवायला जाते. अजून तरी बसते. किती दिवस बसेल, हे ती मला सांगणार नाही. मी तिच्या जागी असतो, तर मीही मला सांगितलं नसतं.

त्या पेनावर माझा हक्क होता, असं मला आजही वाटतं. ते वाटणं जात नाही, आणि गेल्याचं नाटक मी करणार नाही. म्हणून विनंती करत नाही, मागणी करतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरी लग्न निघालं, की पत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे आणू नका. आणलात तर मी नाही म्हणणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो. गठ्ठा काकाजींच्या ओट्यावर न्या. नंदासमोर ठेवा. ज्या घरात बाई एकटी आहे, त्या घरचं नाव सांगताना बाईचंच सांगा, पोराचं नको. आणि मलाही बोलवायचं असेल, तर 'तू तं घरचाच' म्हणू नका. माझं नाव तिच्या हातून घाला.

पुरं सांगा.