झडपमिस्त्री

झडपमिस्त्री रस्त्याला कान लावत. नुसते वाकून नव्हे, चांगले आडवे पडून. पागोटे काढून गुडघ्याशी ठेवायचे, डावा गाल फरशीवर टेकायचा आणि डोळे मिटायचे. फरशीखालून नाली वाहत असे. बाजूने टांगा जावो की म्हैस, मिस्त्री हलत नसत. मग उठून गालाची माती पुसत आणि कोणी विचारले नसताना जाहीर करत, "जाऊन राह्यली." म्हणजे नाली नदीकडे वाहते आहे, काळजी नाही. भर पावसाळ्यात एखाद्या दिवशी ते उठून म्हणत, "थबकली." तेवढा एक शब्द ऐकला की आमच्या गल्लीतल्या बाया हातातले काम टाकून तळघराकडे धावत.

आमचे गाव अकोल्याकडचे. नाव मुद्दाम घालत नाही, कारण तिथले मेंबर अजून मेंबर आहेत. गाव लहान, पण त्याला कमिटी होती, कमिटीला कचेरी होती आणि कचेरीत नागपूरच्या सरकारचे हुकूम खिळ्याला टांगलेले होते. वरच्या पेठेची सारी नाली आमच्या गल्लीखालून जाऊन नदीत पडे. एरवी नदी गुडघाभर. पण पूर आला की तिचे पाणी नालीच्या तोंडापेक्षा वर चढे आणि नाली उलटी वाहू लागे. पेठेने सकाळी जे जे वाहवून दिले, ते ते दुपारी परत येई, आणि येई ते थेट तळघरात. तळघर धुतल्यावर पाणी निघून जावे म्हणून प्रत्येक घराने नालीत एक भोक पाडून ठेवलेले होते. तळघरात वर्षाची ज्वारी असे. त्या पाण्यात भिजलेली ज्वारी म्हैससुद्धा हुंगून सोडून देते. म्हणजे चाळीस घरांचे वर्षभराचे अन्न मुठीएवढ्या भोकाशेजारी पडलेले होते.

यावर मिस्त्रींचे दोनच उपाय. नदीकाठी नालीच्या तोंडावर सागवानी फळ्यांची एक जाड झडप साखळीने टांगलेली होती. नदी चढली की साखळी सोडून झडप खाली टाकायची, म्हणजे नदी आत येत नाही. पण मग गावात पडणारा पाऊसही बाहेर जात नाही. तो नालीत तुंबतो आणि भोकांतून वर यायला बघतो. म्हणून दुसरा उपाय डाटाचा. प्रत्येक तळघराच्या भोकाला बाभळीच्या लाकडाचा डाट, त्यावर जवसाच्या तेलात बुडवलेला कापूस घट्ट गुंडाळलेला. झडप टाकली आणि डाट बसवले की पाऊस फार तर रस्त्यावर साचेल, तळघरे कोरडी राहतील. "आभायाचं पानी पायाले लागते," मिस्त्री म्हणत, "नालीचं पानी पोटाले लागते. कोनतं पायजे ते सांगा."

मृगाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी मिस्त्री कौसामावशीच्या ओट्यावर बसत आणि गल्लीतल्या बाया आपापले डाट त्यांना दाखवायला आणत. कौसामावशी आमच्या शेजारची, चार म्हशींची मालकीण, आवाज सगळ्या म्हशींपेक्षा मोठा. मिस्त्री एकेक डाट हातात घेऊन दाबत, हुंगत, कापूस उकलून पाहत.

"कौसाबाई, हा डाट हाय का कांडाचं मुसय?"

"आमच्या घरचं भोकच मोठं हाय, मिस्त्री."

"मंग भोक लहान करा. दरसाली डाट काहून मोठा करून राह्यल्या?"

"करते ना. तुमी मिस्त्री कायचे? या अन् करून द्या."

बाया तोंडाला पदर लावून हसत. मिस्त्री खरोखरच दुसऱ्या दिवशी चुन्याचे घमेले घेऊन हजर होत. कमिटीने त्यांना झडपेसाठी ठेवले होते, लोकांची भोके लहान करण्यासाठी नाही. पण हा फरक त्यांना कधी कोणी समजावू शकले नाही.

मला त्यांचा राग येई. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पत्रके लिहीत होते. माझे वडील छापखान्यात जुळारी, त्यामुळे मला बाराखडीच्या आधी पत्रके वाचता येत होती असे घरचे म्हणत. वरच्या पेठेत मेंबरांच्या दारासमोर घडीव दगडाची नाली आणि आमच्या नशिबी कापसाचा बोळा, हे मला सहन होत नव्हते. आजही होत नाही. बहिष्काराचे दिवस होते. मी विचार केला, कापडावर बहिष्कार चालतो तर डाटांवर का चालू नये? जोवर लोक डाट लावून निभावून नेतील, तोवर कमिटी पक्की नाली बांधणार नाही. मी पत्रक काढले. डाट म्हणजे लाचारी, झडप म्हणजे ठिगळ, यंदा एकाही घराने डाट लावू नये, असे त्यात ठणकावून लिहिले. अकरा घरांनी मानले. त्यांत आमचे पहिले.

मिस्त्रींना वाचता येत नव्हते. त्यांनी पत्रक माझ्याकडूनच वाचून घेतले, उन्हात उभे राहून, शेवटच्या ओळीपर्यंत.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. "खरं हाय. पक्की नाली पायजेच. पन मास्तरीणबाई, मांगता मांगता डाट लावाले काय जाते?"

"तत्त्व जातं, मिस्त्री."

त्यांनी मान डोलावली. "ते वर माजघरात ठेवा मंग. तयघरात वल लागते त्याले."

मी चिडून आत निघून गेले. त्यांनी मागून कोणाला काही सांगितले नाही, अकरा घरांपैकी एकाही घरी जाऊन माझे बोलणे खोडून काढले नाही. माझ्या बाजूचे लोकही माझ्याशी इतक्या सरळपणे वागत नसत.

पोळ्याला चार दिवस होते. दोन दिवस झड लागलेली होती आणि नदीच्या वरच्या अंगालाही पाऊस होता. दुपारी बाराच्या सुमाराला मिस्त्री वाहत्या पाण्यातच रस्त्यावर आडवे झाले. उठले तेव्हा अर्धे पागोटे वाहून गेले होते. ते म्हणाले, "परतली." हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. ते नदीकडे पळाले आणि काही वेळात झडप पडल्याचा धप्प आवाज गल्लीपर्यंत आला.

आणि मी आमच्या तळघराच्या पायऱ्यांवरून खाली पाहिले. भोकातून बुडबुडे येत होते. काळे पाणी जमिनीवर पसरून ज्वारीच्या पहिल्या पोत्याला टेकले होते. अशी अकरा तळघरे होती, आणि ती सगळी मी उघडी ठेवली होती.

मी धावत नदीवर गेले. तिथे वेगळेच भांडण चालले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी घर असलेले एक मेंबर छत्री घेऊन उभे होते. त्यांच्या घराला तळघर नव्हते. होती ती नवीन बैठक, आणि साचलेला पाऊस तिच्या उंबऱ्याला लागला होता. सोबत दोन गडी होते.

"झडप उचल," मेंबर सांगत होते. "पावसाचं पाणी अडलंय तुझ्यामुळे. गाद्या भिजताहेत माझ्या."

"नदी नालीच्या वर हाय, साहेब. उचलली तं सारी आत येते."

"नदी एवढी चढत नसते. उचल म्हणतो ना! नोकर कोणाचा तू?"

"कमिटीचा."

"मग कमिटीच सांगतेय तुला."

मिस्त्रींनी साखळीचे वेटोळे जमिनीवर ठेवले आणि त्यावर मांडी घालून बसले. "कमिटीच्या गाद्या उद्या उन्हात वायतीन," ते म्हणाले. "लोकायची ज्वारी नाई वायत."

गडी पुढे सरकले. मी मध्येच ओरडले, "मिस्त्री, अकरा घरांत डाट नाहीत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात बोल लावणे नव्हते, नुसता हिशेब होता. "सरकी हाय ना घरात? म्हशीची? पोत्यात अर्धी भरा, पोत्याचं टोक भोकात कोंबा अन् वरून पाटा ठेवा. सरकी पान्यानं फुगते. एकदा फुगली का कोनाच्या बापाले निंगत नाई. पया! मी इथून उठत नाई."

मी पळाले. दारोदार जाऊन, मोठ्याने, माझ्याच पत्रकाच्या विरुद्ध ओरडत सुटले. कौसामावशीने आपल्या सगळ्या म्हशींची सरकी अंगणात ओतली.

"काय वं मास्तरीण, पत्रक मांगं घेतलं काय?"

"घेतलं, मावशी. पोती द्या."

"हे पाह्य, असं लवकर आयकलं तं बरं दिसते," असे म्हणून तिने पदर खोचला आणि माझ्या आधी आमच्या तळघरात उतरली. त्या घाणीत गुडघ्यांवर बसून आम्ही पोती कोंबली. एकेका भोकाशी सरकी फुगत गेली आणि बुडबुडे थांबत गेले. अकरावे घर झाल्यावर चिखलाने माखलेल्या वीस-पंचवीस बाया नदीवर गेल्या आणि मिस्त्रींच्या भोवती उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही. मेंबरांनी बायांकडे पाहिले, गड्यांकडे पाहिले, आणि गाद्या आवरायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली. मिस्त्रींनी झडप उचलली आणि रस्त्यावरचे गुडघाभर पाणी दोन तासांत निघून गेले. सदतीस तळघरांतली ज्वारी धड राहिली. तीन घरांतले खालचे थर गेले, त्यांत आमच्या घरचाही होता. आमची खराब झालेली पोती मी स्वतः उपसून बाहेर टाकली. मिस्त्री एक टोक धरायला आले तेव्हा मी म्हटले, "बोला ना काही तरी."

"काय बोलू? पक्की नाली मांगनं सोडू नका. तुमी मांगाल नाई तं कोन मांगन?"

कमिटीने चौकशी केली. प्रश्न एकच होता, हुकूम का मोडला? मिस्त्रींनी उत्तर दिले की हुकूम मोडला हे खरे आहे आणि पुन्हा नदी चढली तर पुन्हा मोडीन. त्यांना कामावरून काढले. माझे रक्त उसळले. मी रात्रीतून पत्रक लिहून काढले, त्यात त्यांना वीर म्हटले, मेंबरांना काय काय म्हटले ते इथे लिहीत नाही. सकाळी ते त्यांना वाचून दाखवले तर ते कानाची पाळी चोळत बसले.

"हे नका छापू, बाई. लोक मले पाह्यतीन, झडपेले कोन पाह्यन? मी जाऊन राह्यलो मूर्तिजापूरले, लेकीकडे. त्याच्या आधी ह्या बायायले शिकवू द्या."

आणि त्यांनी शिकवले. आठ दिवस रोज दुपारी ते बायांना नदीवर नेत. साखळी कशी सोडायची, खाचेत काडीकचरा अडकला तर काय करायचे, घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागले की झडप टाकायची. रस्त्यावर आडवे पडायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी कौसामावशी म्हणाली, "ज्वारी खाताना लाज नाई वाटत, मंग आयकताना कायची?" आणि भर रस्त्यात आडवी झाली. पेठेत आठवडाभर त्याचीच चर्चा होती. निघण्याच्या दिवशी मिस्त्रींना पोचवायला सारी गल्ली स्टेशनवर गेली. गाडी हलेपर्यंत ते खिडकीतून झडपेबद्दलच सांगत होते.

आता मी अमरावतीत राहते, अजून पत्रके लिहिते आणि पक्क्या नाल्या मागते. फक्त छापायला देण्यापूर्वी प्रत्येक मजकुराला एक प्रश्न विचारते, की हे मिळेपर्यंत लोकांनी काय करायचे? उत्तर नसेल तर कागद बाजूला ठेवते. ही सवय मला कोणत्याही पुस्तकाने लावलेली नाही.

मिस्त्री मूर्तिजापूरला गेले त्याच्या पुढच्या वर्षी, मी अजून गावातच असताना, पाऊस पुन्हा असाच लागला. कमिटीने झडपेवर कोणाला नेमलेच नव्हते. मिस्त्रींनी मूर्तिजापुरात ढग पाहिले आणि मिळाली ती गाडी पकडली. दुपारी ते स्टेशनवरून थेट नदीवर पळत गेले. झडप पडलेली होती. त्यांनी दोन्ही खाचांवरून हात फिरवला, कुठे पाझरत नव्हते. तसेच ओलेचिंब ते गल्लीत आले. कौसामावशी ओट्यावर लसूण सोलत होती, मी तिच्या शेजारी होते.

"कवा टाकली?" मिस्त्रींनी विचारले.

"सकायी. तिसऱ्या पायरीले पानी लागलं तवा."

"डाट?"

"चाळीस."

मिस्त्री थोडा वेळ काही खोट सापडते का ते शोधत उभे राहिले. "तिसऱ्या पायरीले म्हंजे थोडी लवकरच टाकली."

"टाकली. नोकरी जाईपर्यंत थांबाचं नव्हतं आमाले."

ते मोठ्याने हसले. मग धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "मंग मी काहून आलो वं एवढ्या पान्यात?"

"जेवाले," कौसामावशी म्हणाली आणि आत जाऊन तिने तवा ठेवला.

मिस्त्री तळघरातल्या कोरड्या ज्वारीच्या दोन भाकरी जेवले, तिसरी मागून घेतली, आणि पाऊस कोसळत असताना तिथेच ओट्यावर पाय पसरून झोपी गेले. पावसाळ्यात, भर दिवसा, झोपलेले मिस्त्री गल्लीने पहिल्यांदाच पाहिले. रस्त्याने पाणी तुडवत जाणाऱ्या-येणाऱ्यांना कौसामावशी, एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, नुसत्या हाताने खुणावत होती की हळू चला.