सेमेईची दुसरी चूल

सेमेई,

यूनियाला केळीच्या बागेत मातीआड केलं त्या दिवशी तू सगळ्यांच्या मागे उभा होतास. नवऱ्यानं उभं राहायचं तिथं नव्हतास. लोकांना वाटलं, दुःखानं. कशानं ते मला माहीत होतं. हे तुलाच लिहितेय, पण तुझ्याकडे तोंड करून सांगत राहिले तर तू नेहमीसारखा "मॅडम, बकऱ्या सोडायच्यात" म्हणून अर्ध्यावरून उठशील. म्हणून तुझीच गोष्ट तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. कुठं खोटं वाटलं तर तिथं थांबव मला.

तर सेमेई लुताया नावाचा एक गृहस्थ मसाक्याच्या बाजूला आमच्या गावात राहतो. कॉफीची बाग बरी, पोरं मार्गी लागलेली, चर्चचा कारभारी. रविवारी दानाची टोपली तोच फिरवायचा. पायघोळ पांढरा कांझू, वर काळा कोट, चेहऱ्यावर अशी इस्त्री की पाद्रीसुद्धा त्याच्यापुढे जरा सावरून बसत. तो रस्त्यानं आला की पोरं हातातले पेरू पाठीमागे लपवायची. रस्त्यात फळ खाणारं माणूस दिसलं की सेमेईच्या डोक्यात तिडीक जायची. "माकडं आहात का रे? घरी चूल नाही?"

आता आमच्याकडे अन्न म्हणजे मटोके. कच्ची केळी सोलायची, पानात बांधून वाफवायची, पानातच दाबून मऊ करायची, वर शेंगदाण्याचा रस्सा. हे ज्याच्या पुढ्यात आलं तो जेवला. बाकीचं सगळं नुसतं तोंडात टाकायचं. फळं असतात पोरांची, पाखरांची, आणि ज्यांना रांधून घालणारं कुणी नाही त्यांची.

सेमेई या शेवटच्यांतला होता. लहान असतानाच त्याची आई नवऱ्याच्या माराला विटून भावाकडे निघून गेली ती परत आली नाही. बाप केळ्याच्या दारूत बुडालेला. सेमेई आणि धाकटी दोघं, फणसाच्या दिवसांत फणसावर जगायची, आंब्याच्या दिवसांत आंब्यावर. शाळेत तो आत आला की अख्ख्या वर्गाला पिकल्या गऱ्यांचा वास यायचा. बोटांना चीक, चिकाला माती. "आज काय जेवलास रे सेमेई?" असं विचारून मुलं उत्तराच्या आधीच हसायची. हसण्याचं एक वेळ सोसलं असतं. त्याला खरं खुपायचं ते वेगळंच: फणस त्याला आवडायचा. रात्री अंधारात हात घालून गरा ओढून काढावा, तो दाताखाली करकरावा, गोडवा घशापर्यंत जावा, की आई गेलीय हे तो तेवढ्यापुरतं विसरायचा. आणि मग त्याची त्याला लाज वाटायची.

मोठेपणी यूनिया नंतेझा त्याची बायको होऊन आली. पहिल्या संध्याकाळी तिनं गुडघे टेकून त्याच्यासमोर पानांचं गाठोडं उघडलं, वाफ वर आली, आणि हा नवरदेव उठून बाहेर गेला. कुणाला वाटलं वास आवडला नाही. तो कोठाराच्या मागं उभा राहून डोळे पुसत होता. त्या दिवसापासून यूनियानं वाढलेलं पान त्यानं कधी उष्टं टाकलं नाही. ती रांधायचीही तशी. आसपासच्या गावांत लग्न असलं की चुलीपाशी तिला बोलावणं असायचंच. नवरा पान स्वच्छ करून उठतो हा तिचा दागिना होता. दुसरा दागिना तिच्यापाशी नव्हता.

साठी उलटली आणि सेमेईच्या शरीरानं दावा साधला. दात घासले की हिरड्यांतून रक्त. पोटाचा दगड झालेला. मूळव्याध अशी की चर्चच्या बाकावर तो एका कुल्ल्यावर बसायचा आणि मंडळी त्याला भक्तिभाव समजायची. शेवटी गेला दवाखान्यात. तिथली नर्स तोंडाची फटकळ.

"खाता काय?"

"मटोके."

"ते सगळेच खातात. फळं?"

"सिस्टर, मला नातवंडं आहेत."

"मग त्यांच्याकडून मागून घ्या. रोज पपई. पेरू, चावून चावून, सालासकट. संत्री, कृष्णफळं, झाडाला असेल ते. गोळ्या देते, पण गोळ्यांनी आज भागेल, जन्म नाही निघायचा. आणि ताटातला तो डोंगर जरा उतरवा, आजोबा. पोटाला वाट द्या की!"

गावात पपईची झाडं सगळ्यांकडे आहेत, पण मी एकटी राहणारी जुनी मास्तरीण, माझ्या घराच्या मागं वर्दळ नाही. एका दुपारी टोपी भुवयांपर्यंत ओढून सेमेई कुंपणाशी आला.

"मॅडम, तुमच्या पपया म्हणे गळून कुजतात."

"कुजत नाहीत. पाखरं खातात. तुला कशाला पंचाईत?"

"सहज."

ते 'सहज' सोलून आतलं बाहेर काढता काढता माझा चहा गार झाला.

मग तो रोज यायला लागला. केळीच्या दाट झाडीत पाटावर बसायचा. पपई उभी चिरायची, काळ्या बिया बोटानं निपटून टाकायच्या, आणि आतलं ते केशरी, उन्हानं कोमट झालेलं, थेट सालीवरून ओरपायचं. रस कोपरापर्यंत ओघळायचा. पेरू असला तर आधी नाकाशी धरायचा, मग कचकन दात रुतवायचा. फणस पिकला त्या दिवशी मी त्याच्यासाठी तेल ठेवलं, तर म्हणाला, "चिकाला रॉकेल द्या, ते कंदिलाचं म्हणून खपेल. तेलाचा वास यूनिया ओळखेल." गरे खाताना तो डोळे मिटायचा. कारभाऱ्याची इस्त्री पार मोडायची आणि आतून ते वर्गातलं पोरगं बाहेर यायचं. पावलं वाजली की मात्र लगेच हात कोटाखाली.

गुण आला. हिरड्यांचं रक्त थांबलं. पोट मोकळं व्हायला लागलं. संडासातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर इतका मोक्ष मी आयुष्यात पाहिला नाही. तो दोन्ही कुल्ल्यांवर बसायला लागला, चढणीवर धापेविना चालायला लागला.

मी म्हटलं, "आता यूनियाला सांग. नर्सनं दिलेलं औषध आहे म्हणावं, झालं!"

"औषध कडू असतं, मॅडम."

"मग?"

"हे मला आवडतं. ती माझं तोंड बघेल. इतकी वर्षं तिनं रांधलं, आणि मी असा तिच्या पानावर कधी बसलो नाही. तिला एका नजरेत कळेल."

पण पपईनं भरलेलं पोट कुणाला लपवता येतं? संध्याकाळी यूनिया पान उघडायची आणि सेमेई अर्ध्यातून हात काढायचा. एकदा, दोनदा, मग रोजच. आमच्याकडे नवरा घरी भुकेला आला नाही तर त्याचा एकच अर्थ असतो. दुसरीकडे चूल पेटलीय.

"बरं नाही का?" यूनियानं विचारलं.

"बरा आहे."

"ते दिसतंच आहे. पोरासारखे चालता हल्ली. मीठ कमी पडलं का?"

"नाही."

"मग कुणाचं जास्त पडतंय?"

सेमेई हात धुवायला उठला. यूनियानं अर्धं पान उचललं, कोंबड्यांपुढे टाकलं, आणि सकाळी गाठोडं बांधून भावाच्या घरी निघून गेली.

आमच्या रीतीप्रमाणे रुसलेल्या बायकोला आणायचं तर नवऱ्यानं तिच्या भावाच्या दारी जायचं, मेहुण्यासाठी कोंबडा न्यायचा, आणि चटईवर बसून सगळ्यांसमोर आपली चूक बोलायची. सेमेई कोंबडा घेऊन गेला. वाटेत मण्यांचा डाव मांडून बसलेली मंडळी होती. त्यांनी डाव थांबवून त्याला जागा दिली.

"या कारभारी, या! आम्हाला वाटलं होतं टोपलीच तेवढी फिरवता!"

"अहो, एका चुलीवर पावसाळा निघतो, दोन चुलींवर म्हातारपण निघतं!"

सगळे खिदळले. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. उभ्या जन्मात या लोकांनी त्याला असं आपल्यातलं मानलं नव्हतं. सेमेईचे कान तापले, पण खरं सांगायचं तर त्याची मान थोडी ताठही झाली. तेही त्यानंच मला सांगितलं, जमिनीकडे बघत.

चटईवर यूनियाची आत्या बसली होती. लग्नात हिनंच यूनियाला हात धरून आणलेलं. आत्याबाईंची जीभ म्हणजे कोयता.

"बोला जावईबापू. आमच्या मुलीच्या पानात अळ्या निघाल्या का?"

"नाही, आत्याबाई."

"मग तुम्ही जेवता कुठं?"

यूनिया कोपऱ्यात पाठ करून बसली होती. सेमेईला बोलायचं होतं. मी पपई खातो, पेरू खातो, मॅडमच्या झाडीत बसून फणस खातो. तोंड उघडलं तर त्याला शाळेतला वर्ग दिसला, उत्तराच्या आधी हसणारा. उद्या गावभर होईल, फणसखाऊ पोर म्हातारपणी पुन्हा फणसावर आलं, यूनिया त्याला रांधून घालत नाही. आणि यूनिया मागे वळेल, त्याचं तोंड बघेल.

"बोला की! माणूस आहात का ओंडका?"

"आहे एक बाई," सेमेई म्हणाला.

बोलून गेला आणि त्याला हलकं वाटलं. या हलकेपणाची त्याला पुढं सगळ्यांत जास्त लाज वाटली. एक बकरा दंड बसला. पाद्रींनी दानाची टोपली काढून घेतली, त्याला मागच्या बाकावर बसवलं, पवित्र भाकरी बंद केली. त्यानं ते सगळं निमूट सोसलं, जणू खरोखरच केलं होतं.

यूनिया परत आली. येताना वाटेत तिनं एवढंच विचारलं, "ती रश्शात काय घालते?"

आणि मग ती त्या बाईशी लढायला उभी राहिली. रश्शात तीळ आले, धुरावलेले मासे आले. आळंबी वेचायला ती पहाटे जायची. मटोके असं मऊ की दात नसलेल्यानं खावं. सेमेई आता पान साफ करायचा, शेवटचा घास घशात कोंबायचा. माझ्याकडे येणं कमी झालं. हिरड्या पुन्हा लाल. तरी यूनियाचा चेहरा काही उजळेना. ती त्याला जेवताना बघायची आणि मनात त्या नसलेल्या बाईशी ताट ताडून बघायची.

मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, व्यभिचारी म्हणवून घेतोस आणि पपईखाऊ म्हणवून घ्यायला लाजतोस? कसला पुरुष तू?"

"तसलाच," तो म्हणाला.

एक दिवस तो पानांचं गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या पाटावर येऊन बसला. गाठोडं अजून गरम होतं. यूनियानं बांधून दिलं होतं. म्हणाली होती, "हे तिला नेऊन द्या. माझ्या हातचं तिलाही कळू दे. भांडण नाही म्हणावं."

"आता कुठं नेऊ, मॅडम?"

"परत ने. आणि सांग तिला."

त्यानं गाठोडं सोडलं आणि तिथंच सगळं खाल्लं, भूक नसताना, मान खाली घालून. अन्न वाया जाऊ नये म्हणून. मग हात धुतले आणि म्हणाला, "शनिवारी तिला इथं घेऊन येतो. तुम्ही एक पपई काढून ठेवा. तिच्यासमोर कापतो, तिच्यासमोर खातो. मग ती काय ते बघू दे."

"नक्की?"

"नक्की."

घरी यूनियानं रिकामी पानं हातात घेऊन विचारलं, "काय म्हणाली?"

"आवडलं म्हणाली," सेमेई म्हणाला.

शनिवारी मी पपई उतरवली, अंगण झाडलं. ती दोघं खरंच निघाली होती. यूनियानं ठेवणीतला गोमेसी, सणावाराचा पायघोळ झगा, नेसला होता, कमरेला पट्टा घट्ट. आपल्याला त्या बाईकडेच नेताहेत असं तिला वाटलं असणार, पण तिनं विचारलं नाही. तिठ्यावर मण्यांचा डाव रंगला होता. "कारभारी, आज घरच्या बाईला घेऊन कुठं?" कुणीतरी ओरडलं. सेमेई थांबला.

"मॅडम आज घरी नसतील," तो यूनियाला म्हणाला. "पुढच्या शनिवारी जाऊ."

दोघं तिथून परत फिरली. पुढच्या शनिवारी यूनियाला ताप होता, त्याच्या पुढच्या शनिवारी छातीत कफ. त्यानंतर ती उठलीच नाही.

मी संध्याकाळपर्यंत दारात बसून होते, सेमेई. तू तिला घेऊन यायचं होतंस.