मागच्या रांगेतला अनोळखी माणूस

निमगाव केतकीच्या आमच्या मशिदीत तीन शुक्रवार एक अनोळखी माणूस मागच्या रांगेत येऊन बसत होता. नमाज पढायचा, कुणाशी बोलायचा नाही, आणि दुआ सुरू झाली की एकेकाच्या तोंडाकडं बघायचा. मोर्चात सरकारविरुद्ध बोलला म्हणून शेजारच्या आबांच्या मुलाला पोलिसांनी उचलून नेलं, तेव्हापासूनचं हे. हा माणूस खबऱ्याच असणार, म्हणून पोराच्या सुटकेची दुआ आम्ही नुसती ओठांत मागायचो.

चौथ्या शुक्रवारी आबा मौलानांना विचारून माझ्याकडं आले. "आज मोठ्यानं मागू. तुमचा आवाज दांडगा हाय, तुमीच मागा."

मी फुगलो.

हात उचलले, नजर मागं गेली, तर तो माझ्याच तोंडाकडं बघत होता. मी पाऊस मागितला, उसाला भाव मागितला, पणदऱ्याच्या मेव्हण्याचा गुडघासुद्धा बरा करून घेतला. "आमीन" म्हणून हात खाली घेतले, तर बाकी एकाचाही हात खाली येईना.

मागच्या रांगेतून शांत, अनोळखी आवाज आला, "त्या पोराचं राहिलं."

मग मागितलं. त्याची सुटका, न्याय, आणि आम्हा सगळ्यांना न भिता बोलता यावं एवढं. वळून बघायचं धाडस काही झालं नाही.

बाहेर चपला घालताना आबांना विचारलं, "त्यानं आमीन म्हटलं का हो?"

"म्हटलं की. सगळ्यांच्या आधी."

तो माणूस पुन्हा दिसला नाही. मुलगा अजून आतच आहे. दर शुक्रवारी मी मोठ्यानं मागतो, पण मागं बघत नाही.