सुईचा ताप

अण्णा दार उघडायचे, पण आत ये म्हणायचे नाहीत. येलहंक्याच्या जुन्या वस्तीतलं वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर. मी जिना चढून धापा टाकत बाहेर उभी आणि ते उंबऱ्याच्या आत, मास्क हनुवटीवर. “का आलीस?” दर रविवारी हाच प्रश्न. दर रविवारी माझंही ठरलेलं उत्तर, “इंजेक्शनला चला अण्णा. आरोग्य केंद्र कोपऱ्यावर तर आहे, मी बरोबर येते.” त्यावर ते जे म्हणायचे, ते ऐकून माझं डोकं भणाणून जायचं. म्हणायचे, “एकीला नेलंत ना सुईनं? आता मला न्यायला आलीस होय?”

ती एक म्हणजे त्यांची बायको. आमच्या वॉर्डातली सगळ्यांत सीनियर सिस्टर. सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. माझं आणि त्यांचं जास्त जमायचं, कारण त्या वॉर्डात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, आमचीही. कन्नड आमच्या तोंडात मराठीइतकंच, पण चिडायचं झालं की दोघी मराठीत चिडायचो. अक्कांना जाऊन सहा-सात महिने झाले होते. आता कोरोनाची लस आली होती, आम्हा नर्सांनंतर म्हाताऱ्यांना मिळत होती. आणि अण्णांची साखर कधी आटोक्यात नाही, वर दमा. कोरोना झाला तर हा माणूस वाचत नाही, हे मला लख्ख दिसत होतं. दुसरी लाट येणार की नाही यावर टीव्हीवाले चर्चा करत होते, इकडे आमच्या वॉर्डातल्या खाटा भरायला लागल्या होत्या. अक्कांसाठी मला काहीच करता आलं नव्हतं. निदान त्यांच्या नवऱ्याला तरी वाचवीन, एवढाच हट्ट मी धरून बसले होते.

सुईनं नेलं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

पहिल्या लाटेच्या वेळी आमचं हेब्बाळचं हॉस्पिटल, नाव घेऊन काय करायचंय, बाहेरून अगदी चकाचक होतं. कोरोनाचा वॉर्ड वेगळा, तिथं पांढरे किट घातलेल्या नर्सा, पेपरात फोटो. आमचा वॉर्ड त्याच्या खालच्या मजल्यावर. ज्यांचा रिपोर्ट यायचाय असे पेशंट आमच्याकडे. रिपोर्ट येईपर्यंत तो पेशंट कोरोनाचा नाही, म्हणून आम्हाला किट नाही. रिपोर्ट आला की त्याला वर नेणार, आणि नेणाऱ्याला किट. तोवर दोन दिवस त्याला पाजलं, पुसलं, कुशीवर वळवलं ते आम्ही! एक चांगला मास्क आठवडाभर वापरायचा, कागदी पिशवीत घालून चेंजिंग रूममधल्या खिळ्याला अडकवायचा. शेवटी शेवटी त्याचं इलॅस्टिक इतकं सैल व्हायचं की आम्ही मागे सेफ्टी पिन लावायचो. तक्रार केली तर आमच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडम म्हणायच्या, “स्वल्प अड्जस्ट करा.” स्वल्प! या गावात हा शब्द काढला की समजावं, आता सगळंच आपल्या गळ्यात पडणार.

मग एके दिवशी निरोप आला, सगळ्या नर्सना फ्लूची लस मोफत. कॅन्टीनमध्ये बॅनर लावला, योद्ध्यांचं संरक्षण वगैरे. ज्यूसची पाकिटं वाटली. फोटोग्राफरसुद्धा होता. मास्क मागितले तर फ्लूची सुई दिली, जखम मांडीला आणि मलम शेंडीला! लस वाईट होती असं मी म्हणत नाही, उगाच तिच्यावर का ढकलू? त्या गोंधळात फ्लू तरी अंगावर येऊ नये म्हणून ती घ्यायलाच हवी होती. मीही घेतली. अक्कांनीच टोचली मला, आणि त्यांना मी टोचली. राग आला तो त्या बॅनरचा. सुई दिली, म्हणजे आमचं रक्षण करून झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि वर आणखी एक नियम काढला. अशी सुई घेतली की कुणाकुणाला अंग मोडून ताप येतो, दिवसभर राहतो, उतरतो. त्याला आम्ही सुईचा ताप म्हणतो. एरवी गेटवर ताप निघाला तर टेस्ट, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी. आता सगळ्यांना एकदम सुया टोचल्यावर अर्ध्या नर्सा घरी बसल्या तर वॉर्ड कोण चालवणार? म्हणून ग्रुपवर मेसेज आला, लस घेतल्यापासून दोन दिवस येणारा ताप लसीचा समजावा, गोळी घ्यावी आणि ड्यूटीवर यावं. झालं. कोरोनाचा ताप त्या दोन दिवसांत सुट्टीवर जाणार होता जणू!

दुसऱ्या दिवशी अक्कांना ताप आला. गेटवर वॉचमननं कपाळाला यंत्र लावलं, ते किंचाळलं. अक्कांनी दंड दाखवला. “सरी अम्मा, ठीक आहे,” म्हणून त्यानं सोडलं. मी म्हटलं, “अक्का, टेस्ट करून घ्या हो.” तर मलाच दटावलं, “गप गं. सुईचा ताप आहे, उद्या उतरेल.”

उतरला नाही. त्याच्या पुढच्या सकाळी चेंजिंग रूममध्ये आम्ही दोघीच होतो. अक्कांनी स्पिरिटची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. परत धरली. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाल्या, “मला फोडणीचा वास येत नाहीये गं. सुई घेतली ना, त्याच्या आदल्या दिवसापासून.”

आदल्या दिवसापासून! म्हणजे सुईचा इथं काही संबंधच नव्हता, आणि ते त्यांना माहीत होतं. मी ओरडलेच त्यांच्यावर, “आणि तुम्ही इथं काय करताय मग?”

“मग काय करू? वॉर्ड तुझ्या एकटीवर टाकू? आणि पॉझिटिव्ह निघाले तर घराला पत्रे ठोकतील, दाराला कागद चिकटवतील. घरमालक तसाच टपून बसलाय, हॉस्पिटलात काम करणारी बाई नको म्हणून. यांना घेऊन जाऊ कुठे मी या वयात? यांना मी सुईचा ताप म्हणूनच सांगितलंय. डोकं दुखतंय म्हणून हॉलमध्ये निजते, ताट-वाटी वेगळी केली आहे. दोन दिवस जाऊ देत.”

मी त्यांच्या समोरच मॅडमना स्पीकरवर फोन लावला. मॅडमनी एवढंच विचारलं, “सुई कधी घेतली? मग अजून दोन दिवस कुठे झालेत?” मी वासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर्दीनंही जातो वास.” अक्का माझ्याकडे बघून हसल्या, की बघ, मी सांगत नव्हते? आणि वॉर्डात गेल्या. दुसऱ्या दिवशी एका पेशंटला कुशीवर वळवता वळवता खाटेचा दांडा धरून खाली बसल्या. मग टेस्ट झाली, मग रिपोर्ट आला, मग आमच्याच हॉस्पिटलात खाट मिळवायला मला चार जणांच्या पाया पडावं लागलं. वरच्या मजल्यावर नेताना त्यांच्यासाठी सगळ्यांना किट मिळाले. अक्का वाचल्या नाहीत.

हॉस्पिटलनं लिहून दिलं, संसर्ग बाहेरचा असावा, कर्मचाऱ्यांना पुरेसं संरक्षण दिलेलं होतं. मी ते वाचून मॅडमच्या टेबलावर हात आपटला. काय झालं त्यानं? हात दुखला माझा.

आता अण्णांच्या बाजूनं बघा. चांगली हिंडती-फिरती बायको. सुई घेतली, ताप आला, गेली. कोरोना हे नाव त्यांना नंतर फोनवर कळलं. ते मला म्हणायचे, “ते तुमच्या हॉस्पिटलनं मागून चिकटवलेलं नाव. तिनं स्वतः मला सांगितलं, सुईचा ताप आहे. सगळ्या संसारात माझ्याशी एक शब्द खोटा बोलली नाही ती. आणि कोरोनाच होता तर मला कसा झाला नाही? एका घरात तर होतो!” त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. का आला होता, ते मला माहीत होतं. हॉलमधली चटई, वेगळं ताट. अक्कांनी त्यांना इतकं जपलं की तोच आता त्यांचा पुरावा झाला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

किती रविवार गेले असे. मी लसीचं समजावलं, ही ती सुई नाही असं सांगितलं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. खालची घरमालकीण जिन्यात उभी राहून ऐकायची आणि गल्लीभर सांगायची, “नर्सबाईच सुईनं गेली, आपण कशाला घ्या?” आमच्याच हॉस्पिटलनं बनवलेलं वाक्य गल्लीत फिरत होतं, आणि ते खोडायला मी एकटी.

मग तो रविवार. आदल्या दिवशी वॉर्डात अण्णांच्याच वयाचा एक माणूस माझा हात धरून गेला, लस घ्यायची राहून गेली म्हणत. मी झोपले नव्हते. जिना चढले, अण्णांनी दार उघडलं, “का आलीस?” म्हणाले, आणि माझा तोल सुटला. अक्कांना बरं वाटलं असतं की नसतं याचा विचार मी केला होता, शंभरदा केला होता. पण समोरचा माणूस जिवंत राहायला हवा की नको? मी सगळं सांगून टाकलं. वास, स्पिरिटची बाटली, आदला दिवस. “सुईचा ताप नव्हता तो, आणि अक्कांना माहीत होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून सांगितलं नाही त्यांनी.”

अण्णांनी दाराची चौकट धरली. “माहीत होतं तिला?”

“हो.”

“घरी असताना?”

“हो अण्णा. तुमच्यासाठीच केलं त्यांनी.”

“माझ्यासाठी,” ते म्हणाले. मग पायात चपला सरकवल्या, दाराला कुलूप लावलं. “चल. कुठाय तुझी सुई?”

लस घेतली त्यांनी. मी आरोग्य केंद्राच्या बाकावर शेजारी बसले होते, मला मेलीला इतका आनंद झाला होता की बाहेर जाऊन एळनीरची दोन शहाळी आणली. त्यांनी घेतलं नाही. दुसरा डोसही पुढे वेळेवर घेतला, मला न बोलावता. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. अण्णांच्या खालची घरमालकीण गेली, समोरच्या घरातला तरणाताठा मुलगा गेला. अण्णांना चार दिवस खोकला झाला आणि बरा झाला. वाचले. मला हवं होतं तेच झालं.

अक्कांच्या वर्षश्राद्धाला मी सुट्टी काढून गेले. वाटलं, चार माणसं असतील, हाताखाली काही करू लागेन. अण्णा एकटेच होते, बनियनवर, पेपर वाचत. भटजी नाही, पान नाही. मी म्हटलं, “अण्णा, आज तिथी ना?”

“मी करणार नाही,” ते म्हणाले. “त्या रात्री हॉलमध्ये खोकत होती. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, काही नाही, सुईचा ताप. मी ऐकलं आणि झोपलो. सांगितलं असतं तर रात्रीच उचलून नेली असती. मला तेवढंही करू दिलं नाही तिनं. आता काय तिला वाढू?”

मला रडूच आलं. माझ्याजवळ त्यांना द्यायला एकच गोष्ट होती, आणि ती मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती. घशात नळी घालायच्या आधी अक्कांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला जवळ ओढलं होतं. म्हणाल्या होत्या, अण्णांना रात्रीचं इन्सुलिन स्वतः टोचता येत नाही, हात थरथरतो, तू जा. दुसरं काही बोलल्याच नाहीत. गेले तेव्हा अण्णांनी दारातूनच परत पाठवलं होतं; आज अक्कांचं ते बोलणं मी जसंच्या तसं त्यांना सांगितलं.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

“पेशंट गेला की नातेवाइकांना असंच सांगता ना तुम्ही?” ते म्हणाले. “शेवटी तुमचीच आठवण काढत होते म्हणून? ती घरी येऊन सांगायची मला. सगळ्यांना तेच सांगतो, म्हणायची, लोकांना बरं वाटतं.”

हो, सांगतो आम्ही. किती जणांना सांगितलंय, मोजलेलं नाही. बेशुद्धीत गेलेल्यांच्यासुद्धा घरी सांगितलंय.

“अण्णा, हे खरं आहे,” मी म्हटलं. “देवाशपथ, हे खरंच बोलल्या त्या.”

“सरी,” अण्णा म्हणाले, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदाराला म्हणावं तसं. आणि परत पेपर उचलला.