दोन्ही आवाज माझेच

बाबांना सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण अर्थ विचारला की ते हसून म्हणायचे, "देवाला कळतो ना." आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. देवाला कळतं ते मलाही कळावं, या हट्टापायी मी कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा काढली आणि जेरुसलेमच्या एका धर्मविद्यालयात जाऊन बसले.

तिथे एकटीने वाचायची सोयच नव्हती. जोडीदारीण समोर घ्यायची, रोज धर्मग्रंथाचं एक पान मोठ्याने वाचायचं आणि ओळीओळीवर वाद घालायचा. त्यापेक्षा आपल्या इंदूरचा रात्रीचा सराफा बाजार शांत. नियम एकच कडक होता. समोरचीचं म्हणणं आधी तिला पटेल असं मांडायचं, मगच खोडायचं.

परत आले आणि काही महिन्यांत बाबा गेले. इंदूरला, सुदामा नगरच्या घरात माझ्यासमोर बसायला कोण होतं? मी दोन्ही बाजू स्वतःच बोलू लागले, दोन आवाजांत. पण रोजचं पान आठवड्यावर गेलं, मग त्याचाही कंटाळा येऊ लागला. बाबांसारखी मीही नुसती पाठ म्हणत राहीन, याची भीती वाटे. शेवटी एलियाहू हन्नाबीला नवस बोलले: जोडीदारीण मिळू दे, गोड पोह्यांचा मलिदा करीन. आमच्याकडे असा विश्वास आहे की हा संदेष्टा कोणत्याही वेषात दारी येतो. मी मनात एखादी यहुदी बाई धरून बसले होते.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. शेजारच्या काकू होत्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "काय गं, अधूनमधून कोणाशी झगडा चालतो तुझा? मला वाटलं, कुछ हो गया."

मी ओशाळून पुस्तक दाखवलं. सापडलेली वस्तू किती दिवस सांभाळायची, यावर दोन गुरूंचा वाद होता. काकू तिथेच बसल्या. "वाच बघू."

मी दोन्ही आवाजांत वाद करून दाखवला. काकूंनी चष्मा काढला. "उत्तर राहू दे, रीत दाखव. त्या दुसऱ्याला तू जानबूझके हरवतेस. ज्याची वस्तू हरवली तो गावाला गेला असेल तर? त्याच्या बाजूने हे बोललीच नाहीस."

इतके महिने मी दरवेळी जिंकत होते आणि शिकत काहीच नव्हते. काकूंचा मुद्दा त्यांना पटेल असा मांडायला मला अर्धा तास लागला, आणि खोडता तर आलाच नाही.

पुढच्या रविवारी मलिदा केला. "पोहे, आणि गोड? शेव कुठेय?" म्हणत काकूंनी दोनदा घेतला. त्यांना कोणी पाठवलं, हे मी विचारलं नाही. आता रोज चारच्या चहानंतर एक पान होतं. बहुतेकदा मी हरते, आणि उठताना मनोमन एलियाहू हन्नाबीचे आभार मानते.